बिनजखमेची पट्टी

गोरेगाव,
दि. ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

आज केशरचे वर्षश्राद्ध झाले. सकाळी गुरुजी आले. दुपारी पंगत बसली. वरण, भात, दोन भाज्या आणि पोळी केली होती. पानात वाढायचे वडे सोनाजीच्या घरून आले. मुलगा आणि सून उद्या नाशिकला परत जातील. संध्याकाळपर्यंत भांडी घासून झाली. थंडी कमी आहे.

तू आला नाहीस. तुझी वाट पाहून पंगत उशिरा बसवली. वर्षभर घरात तळण झालेले नाही, हे तुला माहीत आहे. बाईच्या माहेरच्या माणसाने येऊन कढई ठेवायची, पहिला घाणा त्याने काढायचा आणि मग घरात सणवार सुरू व्हायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. केशरचे माहेर म्हणजे आता तू एकटाच. सूनबाईने बेसन आणि तेल काढून ठेवले होते. ते परत डब्यात गेले. सोनाजी म्हणाला, "मी तुझा चुलतभाऊ हाय, मी ठेवतो कढई. त्याच्यात काय एवढं?" मी नको म्हणालो.

फोनही केला होता. तू उचललास, "हो हो, द्या पाठवून" म्हणालास आणि ठेवून दिलास. काय पाठवायचे ते समजले नाही. म्हणून हे पत्र. हाशिम जीप घेऊन सेनगावला जातो. तिथून नरसीच्या गाडीत देईन म्हणाला.

शकुबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
शिवशंकर


नरसी नामदेव,
१० फेब्रुवारी

दाजींना रामजीचा नमस्कार.

पत्र पोचलं. यायचं होतंच, पण एकादशी तोंडावर आलेली, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. तुमच्या मेव्हण्याची भजी खाल्ल्याशिवाय देव दर्शन देत न्हाई असं लोकं बोलून राहिले. आता एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला न्हाई कसं म्हणावं?

कढई सोनाजीभाऊंनी ठेवली तरी चालतंय. माझी वाट पाहू नका. फोन करू नका, फोन बिघडला हाय. अन् मोबाईलवर लिहायला माझी बोटं जाड, एक दाबलं की दोन उमटतात. तुमी पत्रच पाठवा, बरं वाटतं.

तब्येतीला जपा. जेवत जा.

रामजी


गोरेगाव,
दि. १५ फेब्रुवारी २०२४

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

काल हाशिम स्वतः हिंगोलीपर्यंत गेला होता. येताना नरसीला थांबला. तुझ्या दुकानाला फळ्या लावलेल्या आहेत आणि संक्रांतीनंतर ते उघडलेच नाही, असे त्याला शेजारच्या नारळवाल्याने सांगितले. बंद दुकानात गर्दी कशी होते ते मला कळले नाही.

मला जास्त बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. एकच विचारतो. केशरला शस्त्रक्रियेसाठी आत नेले तेव्हा तू बाहेरच्या बाकावर मला म्हणाला होतास, "दाजी, अजून एका डॉक्टराला इचारलं असतं तर?" तू ते एकदाच म्हणालास. नंतर कधी नाही. तो राग मनात धरून तू आला नसशील तर तसे लिही. मला वाईट वाटणार नाही. माहीत असलेले बरे.

शिवशंकर


नरसी,
२१ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र शकूनं वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचावं लागलं, म्हणून सगळ्या गल्लीनं ऐकलं. तुमच्यावर राग? मला तर ते वाक्य आठवतबी नव्हतं. तुमी ते वर्षभर उराशी घेऊन बसले, काहून?

खरं सांगतो आता. दिवाळीपासून उजव्या कानात शिट्टी वाजून राहिली. आधी वाटलं, कुकर. शकूला म्हणलं, "अगं, गॅस बंद कर." ती म्हणे, "कुकर लावलाच न्हाई, डोकं फिरलं का?" मग शिट्टी राहिली अन् ऐकू येणं गेलं. डावा कान लहानपणीच फुटलेला, त्यानं निम्मंच येतं. त्या दिवशी फोनवर तुमी काय बोलले ते मला समजलंच न्हाई. अंदाजानं हो हो म्हणलं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी घाणा सोडून राहिलो होतो अन् जमीन उजवीकडं कलली. आधाराला हात टाकला तो कढईच्या काठावर. कढई उलटली न्हाई, नामदेव महाराजांची कृपा. पण तेल उसळलं अन् मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. तवापासून दुकान बंद.

आमची लेक प्रियदर्शनी नांदेडला नर्सिंग शिकते हे तुमाला माहीतच हाय. ती आली, ओढतच घेऊन गेली, मेंदूचा एमआरआय काढला. कानाच्या मागं, आतल्या बाजूला, ऐकायच्या नसेवर गाठ हाय. बोराएवढी. कॅन्सरची न्हाई म्हणले. पण वाढत राहिली तर मेंदूवर दाबणार.

दाजी, गाठ म्हणल्याबरोबर मला केशरअक्का दिसली. ते बांधलेलं डोकं दिसलं. मी त्याच खुर्चीत ठरवलं की डोकं उघडून घ्यायचं न्हाई. जेवढं जगू तेवढं जगू. तुमाला कळवलं न्हाई, काहून की ज्या माणसानं एकदा हे सगळं पाहिलं त्याला परत काय दाखवायचं. अन् कढई ठेवायला कोणत्या तोंडानं येऊ? माझ्या हातून तुमच्या चुलीवर तेल सांडलं असतं म्हणजे?

तुमचा,
रामजी


गोरेगाव,
दि. ३ मार्च २०२४

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मग मी प्रियदर्शनीला फोन केला. ती शांतपणे बोलते. हे तिने तुझ्याकडून घेतलेले नाही.

ती म्हणाली, गाठ लहान आहे म्हणून घाईने काही करायलाच हवे असे नाही. दर सहा महिन्यांनी एमआरआय काढून नुसते लक्ष ठेवता येते. पण तुला चक्कर येते आणि तुझे काम उकळत्या तेलाशी आहे. शिवाय तिच्या कॉलेजच्या मॅडमनी एमआरआयचा फोटो पाहून गाठ वाढत जाण्याचा संभव आहे असे सांगितले. उघडून काढणे हा एक मार्ग आहे. तो तुला नको. पण अजून एक मार्ग आहे. त्याला रेडिओसर्जरी म्हणतात. नावात सर्जरी असली तरी त्यात चाकू नाही. कवटी उघडत नाहीत, केस काढत नाहीत, भूलही पूर्ण देत नाहीत. यंत्राने बाहेरूनच बारीक किरणे सोडतात आणि ती सगळी गाठीवर एकत्र येतात. गाठ निघून जात नाही. तिची वाढ थांबते. पुढे काही वर्षांत ती आकसते किंवा तशीच पडून राहते. गेलेले ऐकू येणे परत मिळेल असे कोणी सांगत नाही. हे लहान गाठींनाच करता येते, म्हणून गाठ लहान आहे तोवर विचार करायचा.

मी नोकरीची सगळी वर्षे वीज मंडळाच्या उपकेंद्रात काढली. तारेतली वीज कधी दिसली नाही. दिसत नाही म्हणून ती नाही, असे आमच्यात कोणी म्हणत नव्हते. त्यामुळे चिरा न देता आत काम होते हे मला पटले.

हैदराबादला हे यंत्र आहे. मी तुझ्याबरोबर येईन. कागद आणि रांगा माझ्याकडे. तू नुसता चल.

शिवशंकर


नरसी,
८ मार्च

दाजी,

तुमी तर म्हणले होते, आता जिवंत असेपर्यंत दवाखान्याची पायरी चढणार न्हाई. तुमीच येतो म्हणता तर मी न्हाई कसं म्हणू?

चला. पण चाकू दिसला तर उठून येईन. आधीच सांगून ठेवतो.

रामजी


नरसी,
२० एप्रिल

दाजींना नमस्कार.

हिंगोलीला तुमी उतरून गेले अन् मी घरी आलो, जेवलो, झोपलो. डोकं जाग्यावर हाय. शकूनं दोनदा मोजलं.

येताना गाडीत माझा चांगला कान खिडकीकडं होता. म्हणून आतलं सांगायचं राहिलं, ते लिहितो.

सकाळी आधी डोक्याला लोखंडी चौकट बसवली. चार ठिकाणी सुया दिल्या, गांधीलमाशी चावल्यासारखं झालं, मग नुसतं दाबल्यासारखं. स्क्रू आवळले. डोकं हलू नये म्हणून ती चौकट असते. काच होती समोर, तिच्यात पाहिलं तर मी मखरात बसवलेल्या गणपतीसारखा. सिस्टरला म्हणलं, "बाई, मोदक कुठं हायत?" तिला मराठी येत नव्हती, तरी हसली.

मग चौकटीसकट फोटो काढला अन् डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसले. लई वेळ. मी इचारलं, "इतना क्या देख रहे साब?" ते म्हणले, "चाचा, निशाना बराबर होना ना. बाजू में चेहरे की नस है." किरणं खूप बाजूंनी येतात. एकेक किरण इतकं बारीक की वाटेतल्या मेंदूला तकलीफ देत न्हाई. जिथं सगळे भेटतात तिथंच काम होतं. मी म्हणलं, साहेब, समजलं. आमच्या गावच्या यात्रेसारखं. सेनगावच्या रस्त्यानं थोडे येतात, हिंगोलीच्या रस्त्यानं थोडे, शेतातून पायवाटेनं थोडे. रस्त्यात कोणाचा कोणाला धक्का न्हाई. पण मंदिराच्या दारात मुंगीला जागा न्हाई. डॉक्टर म्हणले, "हे मी आता सगळ्यांना सांगणार." आता बोला, तुमचा मेव्हणा हैदराबादच्या डॉक्टराला शिकवून आला.

यंत्रात डोकं आत, पाय बाहेर. आवाज न्हाई, आग न्हाई, काहीच न्हाई. गाणी लावली होती, ती डाव्या कानानं निम्मी ऐकली. मला वाटलं, अजून सुरूच व्हायचं हाय. तेवढ्यात बाई म्हणली, हो गया.

अक्काची आठवण आली. रडलो न्हाई, डोकं हलवायचं नव्हतं.

मी आत होतो तवा तुमी काय केलं?

रामजी


गोरेगाव,
दि. २६ एप्रिल २०२४

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

तू विचारलेस म्हणून लिहितो.

तुला आत नेल्यावर मी बाकापाशी थांबलो. दार तसेच होते, वर लाल दिवा असलेले. केशरच्या वेळी मी अशाच बाकावर बसलो होतो. तेव्हा दार उघडले आणि डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. तेव्हापासून दवाखान्यातले दार उघडले की मला उठून उभे राहता येत नाही. तुझ्या वेळी मी उभाच राहिलो. बसलो असतो तर उठता आले नसते.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. माझ्या पिशवीत केशरचे एमआरआयचे फोटोही होते. आदल्या दिवशी तू तपासणीला गेलास तेव्हा मी डॉक्टरांना ते दाखवले. मला एकच विचारायचे होते. हे यंत्र होते तर तिला का नाही? मी चुकीच्या जागी नेले का? तू बाकावर विचारले होतेस ते मी रोज स्वतःला विचारत होतो.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ पाहिला. मग मला खुर्चीवर बसायला सांगितले. म्हणाले, ही गाठ मोठी होती, मोसंबीएवढी, आणि तिने मेंदू बाजूला ढकलला होता. एवढ्या गाठीला ही किरणे देता येत नाहीत. दिली असती तरी परिणाम व्हायला महिने लागतात आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. दाब तातडीने काढायला हवा होता. तो उघडूनच काढता येतो. ही बाई माझ्याकडे आली असती तर मीही उघडलेच असते. असे म्हणून त्यांनी फोटो नीट पाकिटात घालून परत दिला.

मी बाहेर येऊन पाणी प्यालो.

तर तुझ्या वेळी मी उभा होतो. दार उघडले आणि डॉक्टर नाही, तूच बाहेर आलास. चालत. कपाळावर दोन चिकटपट्ट्या, बोटाच्या पेराएवढ्या. मला म्हणालास, "दाजी, इथं चहा कुठं मिळतो?" मी तुझे कपाळच बघत राहिलो. तेव्हा तू मोठ्याने म्हणालास, "गाठ मला हाय का तुमाला? ऐकू येत न्हाई का?" सगळे बघायला लागले.

मग आपण चहा प्यालो. तो चांगला होता.

शिवशंकर


गोरेगाव,
दि. २८ एप्रिल २०२४

रामजी,

हाशिम आता सांगून गेला. त्याने सकाळी तुला पाहिले. तुझ्या पूर्ण डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली आहे, कपाळापासून कानापर्यंत. बाजूला बायका बसल्या होत्या.

काय झाले? पुन्हा कुठे नेले होते का? उघडले का? मला का नाही कळवले? प्रियदर्शनी फोन उचलत नाही, तिची परीक्षा आहे. शकुबाईंचा फोन बंद आहे.

केशरला तशीच पट्टी होती.

हे पत्र हाशिमच्या दुपारच्या फेरीला देतो. जे असेल ते लगेच कळव.

शिवशंकर


नरसी,
२९ एप्रिल

दाजी,

तुमचं पत्र मला तुमी येऊन गेल्यावर मिळालं. हाशिमला म्हणलं, "आता देतो का?" तो म्हणे, "मामू, पत्र खिशात अन् लिहिणारा मागच्या सीटवर. सेनगावला दोघं संगंच दुसऱ्या गाडीत बसवणार होतो, तर यांनी गाडी बदलूच दिली न्हाई. थेट नरसीपर्यंत चल म्हणले. मग मी म्हणलं, जो पहिले उतरेल तो पोचला." तुमी पहिले उतरले.

घाईत तुमी निघून गेले, म्हणून शकूची बाजू लिहितो. तिनंच लिहायला लावलं. समोर बसून राहिली.

हैदराबादहून आलो त्या दिवसापासून माणसं भेटायला सुरू झाली. आपल्याकडं माणूस ऑपरेशन करून आला की सगळे येतात, तुमाला ठाऊक हाय. पहिल्या आल्या रुख्मिणीबाई, हातात शहाळं. माझ्या डोक्याकडं पाहिलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "कुठं कापलं?" म्हणे. "कापलं न्हाई मावशी." "मग गाठ कुठंय?" "आतच हाय." "म्हंजे हैदराबादला काय चारमिनार पाहायला गेला होता व्हय?" अन् शहाळं उचलून परत घेऊन गेल्या. दाजी, देवाशपथ, परत घेऊन गेल्या!

मग गुलाबचंद शेठ आले. ते म्हणे, फसवलं तुला रामजी. गाठ तिथंच ठेवली अन् ऑपरेशन म्हणतेत. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, रामजीला काहीच झालं नव्हतं, दुकान बंद ठेवायचं सोंग. शकूला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं जुनं धोतर फाडलं अन् बांधली पट्टी, चांगली जाडजूड. म्हणे, "राहू द्या चार दिवस. लोकांचं समाधान होतं, तुमचं काय जातं?" दुपारी रुख्मिणीबाई दोन शहाळी घेऊन आल्या. डोळ्याला पदर लावला. "लई मोठं झालं गं शकू ऑपरेशन!"

तर ते असं होतं.

परवाच दुकान परत उघडलं. तुमी दारात आले तवा मी चहा गाळत होतो. तुमचं तोंड पाहून मला वाटलं, गोरेगावात कोणी गेलं. तुमी राम राम न्हाई, काही न्हाई. सरळ आले अन् पट्टी उलगडायला लागले. गिऱ्हाइकं बघून राहिली. धोतर लांब, संपता संपेना. शेवटी डोकं निघालं, केसांसकट. तुमी हात फिरवला, इकडं फिरवला, तिकडं फिरवला. मग खाली बाकड्यावर बसले अन् हसायला लागले. मला डाव्या कानानं ऐकू आलं. शकू आतून पळत आली, तिला वाटलं दुसराच कोणी हसून राहिला. तुमचे दात मी दीड वर्षानं पाहिले.

शकू म्हणते, तुमच्या मनाला एवढं लागेल हे तिच्या ध्यानात आलं न्हाई. अक्काची पट्टी तिनंबी पाहिली होती. ती पाया पडते.

एवढ्या लांब आले अन् भजी खाल्ली न्हाई तुमी. "घरात कढई ठेवल्याबिगर न्हाई," म्हणले. मला कळतं. पण दाजी, सहा महिन्यांचा फोटो येऊ द्या. गाठ झोपली का न्हाई ते कळू द्या. आज मी तुमच्याकडं कढई ठेवली, सण सुरू केले, अन् उद्या मलाच काही झालं तर? एका घरात दोनदा दुखवटा नको.

रामजी


नरसी,
१९ ऑक्टोबर

दाजींना नमस्कार.

फोटो काढला. गाठ वाढली.

पहिल्यापेक्षा जरा मोठी दिसते म्हणले. डॉक्टरनं फोनवर प्रियदर्शनीला काही सांगितलं, ती मला समजावते, पण माझ्या डोक्यात ते बसंना. मधे बरा होतो, आता महिनाभर परत चक्कर येऊन राहिली. दुकान शकू बघते. मी भांडी घासतो. गुलाबचंद शेठ म्हणे, "मी काय म्हणलं होतं?" मी म्हणलं, व्हय, तुमी म्हणले होते.

दिवाळीला येतो म्हणलं होतं. येत न्हाई. सोनाजीभाऊंना सांगून कढई ठेवून घ्या. आता माझी वाट पाहू नका. खरंच सांगतो.

रामजी


गोरेगाव,
दि. २४ ऑक्टोबर २०२४

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

आज पाऊस नाही. सोयाबीन सगळ्यांचे निघाले. मी सकाळी सेनगावला जाऊन तुझी गोळी घेतली, ती या पाकिटाबरोबर आहे.

हैदराबादला डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले होते ते मी तेव्हाच तुला सांगायला हवे होते असे वाटते. पण तू चहाच्या घाईत होतास. ते म्हणाले होते, सहा महिन्यांच्या आसपास गाठ सुजते. फोटोत मोठी दिसते. चक्करही वाढू शकते. घाबरून कोणी उघडायला सांगितले तर आधी आम्हाला विचारा. काल मी त्यांच्याशी पुन्हा बोललो. त्यांनी फोटो पाहिला आहे. गाठीचा मधला भाग काळा पडला आहे, म्हणजे तिला रक्त मिळणे थांबले. त्यांनी सूज उतरायला गोळी दिली आणि पुढचा फोटो उन्हाळ्यात काढायला सांगितला.

प्रियदर्शनी म्हणाली, "मामा, बाबांना सांगा, हरभऱ्याची डाळ भिजली की फुगते, पण ती उगवत नाही." भजीवाल्याच्या मुलीला हे बरोबर सुचले.

सोनाजीला मी काही सांगणार नाही. दिवाळीचा फराळ विकत आणीन. मला चकली एवढी आवडते असेही नाही. कढई वरच्या खुंटीला आहे. मी तिला अधूनमधून पुसतो. घाई नाही.

गुलाबचंद शेठना डोक्यातले कळत असेल तर त्यांनी दुकानाऐवजी दवाखाना काढावा, असे माझ्यातर्फे सांग.

शिवशंकर


नरसी,
६ मे २०२५

दाजी!

फोटो आला. सूज गेली. गाठ पहिल्यापेक्षाबी बारीक. बोर होतं, आता वाटाणा. डॉक्टर म्हणले, चाचा, सो गई. आता वर्षातून एकदा फोटो. चक्कर न्हाई. प्रियदर्शनीनं मान फिरवायचे व्यायाम दिले ते रोज करतो, गल्लीतली लेकरं माझी नक्कल करतात. दुकान सुरू हाय. उजवा कान गेला तो गेलाच, त्या बाजूला शकूला उभी करतो. ती म्हणते, आता मी काय बी बोलले तरी चालतंय.

रुख्मिणीबाईंनी परवा इचारलं, "आता गाठ कुठंय?" म्हणलं, आतच हाय मावशी, झोपली, हळू बोला. त्या खरंच हळू बोलल्या.

रविवारी येतो. पहिल्या गाडीनं. बेसन मी आणीन, तुमच्याकडचं जुनं झालं असंल. कढई काढून ठेवा.

रामजी


गोरेगाव,
दि. १२ मे २०२५

प्रिय रामजी,
आशीर्वाद.

काल तू आणि शकुबाई आलात. दुपारी कढई ठेवली. संध्याकाळच्या गाडीने तुम्ही गेलात. रात्री उकाडा होता, नंतर वारा सुटला. आज सकाळी अंगण झाडले, टाकी भरली. हाशिम येऊन तुझ्या भज्यांचे विचारून गेला. त्याच्यासाठी ठेवलेली दिली.

काल तुझ्यासमोर बोललो नाही ते लिहितो. तू केशरच्या फोटोला हळदकुंकू लावलेस आणि कढई खुंटीवरून काढलीस. मी तुझे हात बघत होतो. ते हलले नाहीत. पहिले भजे तू तेलात सोडलेस आणि मान उजवीकडे वळवून डावा कान कढईकडे केलास. पूर्वी तू तसे करत नव्हतास. तसाच राहून म्हणालास, "येतोय, दाजी. आवाज येतोय." मग शकुबाई म्हणाल्या, "आता उलटं करा, का आवाजच खायचा?" पहिला घाणा केशरच्या पानावर ठेवला. दुसरा आपण खाल्ला.

माझ्या चेहऱ्याकडे बघून तू विचारलेस, तिखट झाले का. तिखट झाले नव्हते.

सोनाजी शेवटी आला आणि तीन वाट्या खाऊन गेला. म्हणाला, "एवढ्यासाठी सव्वा वर्ष थांबला व्हय?" मी हो म्हणालो.

केशरचे एमआरआयचे फोटो मी कपाटात ठेवले आहेत, वरच्या खणात. पिशवीतून काढले.

पुढच्या वर्षीच्या एमआरआयला मी येईन. तोपर्यंत आमरसाला ये. गावरान आंबा पंधरा दिवसांत उतरेल.

शकुबाईंना नमस्कार. प्रियदर्शनीला आशीर्वाद.

तुझा,
शिवशंकर

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी चूल पेटवली. कढईत कालचे तेल होते. एक पापड तळला. जरा करपला. ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला आणि कढई घासून खुंटीला न लावता खालीच ठेवली.